विहीणबाईंची खालची पट्टी

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या कॉलनीतल्या अलकाच्या नाकातून चहा आला होता, आणि तिने त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं.

तशी ही गोष्ट लपवायला मला आवडलं असतं. पण लपवणार कशी? फजिती झाली ती तीनशे माणसांसमोर झाली, धुळ्यात झाली, मुलीच्या हळदीला झाली, आणि माईक चालू असताना झाली!

आधी माझ्या आवाजाबद्दल सांगते. माझा आवाज जाड. जाड म्हणजे किती? तर मी लहानपणी यावलला शाळेत प्रार्थना म्हणायला लागले की बाई वर्गावर्गातून फिरून बघायच्या, कोण घुमतंय ते. शेवटी त्यांनी मला पकडलंच. म्हणाल्या, "शोभा, तू उद्यापासून मागच्या रांगेत उभी राहा आणि फक्त ओठ हलव."

मी सातवीपर्यंत ओठ हलवले. तुम्हाला सांगते, हसू नका, फार वाईट वाटायचं हो. कारण गाण्याची मला भारी हौस!

पुढे लग्न होऊन जळगावला आले, ब्लाउज शिवायला लागले, मशीन चालवता चालवता गुणगुणत राहिले. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मशीनचा खडखडाट असल्यामुळे कोणाला त्रास झाला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी अलकाच्या मुलाने तिला चाकांचा एक मोठा स्पीकर आणून दिला. दोन माईकवाला. झालं! आमच्या कॉलनीतल्या बायकांचं दर शनिवारी दुपारी अलकाच्या गच्चीवरच्या खोलीत कराओके सुरू झालं.

माझी पद्धत अशी, की जे गाणं आवडतं ते निवडायचं. आणि मला आवडायची सगळी गायिकांची, उंच उंच पट्टीतली. मुखडा कसाबसा पार पडायचा. अंतरा आला की माझी मान वर, भुवया वर, टाचा वर, फक्त आवाज तेवढा वर जायचा नाही. समोरच्या घरातल्या काकांनी एकदा खिडकी लावून घेतली. त्यांच्या त्या खोलीला दोन खिडक्या होत्या. त्यांनी दुसरी पण लावली.

मला या संकटातून बाहेर काढलं अलकाच्या सासऱ्यांनी. आबा देवळात पेटी वाजवतात. एके दिवशी ते जिना चढून वर आले. मला वाटलं, आता आबा म्हणणार, ओठ हलव.

आबा म्हणाले, "पोरी, तुझा आवाज चांगला आहे. गाणी चुकताहेत."

"म्हणजे काय आबा?"

"अगं, तुझी पट्टी खालची. गाणं निवडताना मुखडा काय बघतेस? अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ आधी म्हणून बघ. ती सहज आली तरच गाणं घे. नाही आली तर ट्रॅक खाली उतरव. या मोबाइलमध्ये बटण असतं ना उणे एक, उणे दोनचं? ते शोभेला आहे का? आणि बाप्यांची गाणी म्हण की! त्यांनी काय लिहून घेतलीत स्वतःच्या नावावर?"

त्यांनी माझं आवडतं गाणं चार सूर खाली उतरवून लावलं. मी गायला लागले. अंतरा आला... आणि गेला! टाचा जमिनीवर! मान जागच्या जागी! गाणं संपलं तेव्हा अलका रडत होती आणि समोरच्या काकांनी एक खिडकी उघडली होती.

त्या दिवसापासून मी प्रचारकच झाले म्हणा ना. जाड आवाजाची बाई दिसली की मी तिला सोडत नसे. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई जरा खालच्या आवाजात बोलली की मी टेप बाजूला ठेवून म्हणायची, "ताई, गाता का?" बिचाऱ्या घाबरायच्या. पण खरं सांगते, चार-पाच जणींना मी योग्य गाणी शोधून दिली. एकीला उणे तीन, एकीला उणे पाच. आणि त्या गायला लागल्या! मला वाटायला लागलं, की अंगाचं माप जसं मी नुसतं बघून सांगते, तसं आवाजाचं माप नुसतं ऐकून सांगू शकते.

इथेच माझा घात झाला.

आमच्या मुलीचं, तेजूचं, लग्न धुळ्याच्या अक्षयशी ठरलं. मुलगा नरडाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, माणसं साधी, सालस. बघायच्या कार्यक्रमाला मुलाचे वडील प्रकाशभाऊ आणि काका आले होते. मुलाची आई नव्हती, कारण त्या मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतला गेल्या होत्या. त्यामुळे आमच्या विहीणबाई, कुसुमताई, मला पहिल्यांदा भेटल्या त्या थेट बस्त्याला, जळगावच्या कापड दुकानात.

गोऱ्यापान, ठेंगण्या, हसऱ्या. हात जोडून म्हणाल्या, "नमस्कार ताई."

अहो, काय आवाज! चढावर ट्रकने गिअर बदलावा तसा! माझ्यापेक्षाही दोन पायऱ्या खाली!

माझ्या हातातला शालू खाली पडला. मी म्हटलं, देवा, पोरीला सासर दिलंस ते दिलंस, वर मला माझ्या पट्टीची विहीण दिलीस!

"ताई," मी त्यांचा हातच धरला, "तुम्ही गाता का?"

त्या जराशा हसल्या, घशावर हात ठेवला आणि मान हलवली. काहीतरी बोलायला गेल्या, पण शब्द धड बाहेर येईना. मी काय समजले? लाजल्या! आयुष्यभर ऐकून घेतलं असेल बिचारीने!

प्रकाशभाऊ मध्ये पडले. "त्याचं काय आहे विहीणबाई, तिचा घसा..."

"घसा नाही भाऊ, देणगी आहे ती!" मी त्यांना तिथेच तोडलं. "तुम्हा लोकांना किंमत नाही."

प्रकाशभाऊ शालूची किंमत बघायला लागले. मी मात्र साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून कुसुमताईंना सगळं आवाजशास्त्र समजावून दिलं. उंच ओळ आधी, उणे चार, बाप्यांची गाणी, सगळं. त्या अधूनमधून तेवढं "बरं... बरं..." म्हणत होत्या. प्रत्येक "बरं" ऐकून मी सुखावत होते. शेवटी मी जाहीरच केलं, "हळदीच्या दिवशी आपण दोघी विहिणी मिळून कराओकेवर गाणार. अगदी खालच्या पट्टीत. बघाच तुम्ही, धुळं गाजवू!"

कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरं."

घरी येऊन मी गाणं शोधलं. एका गायकाचं जुनं, संथ गाणं. पुरुषाची मूळ पट्टी, जशीच्या तशी. एक सूरही हलवायचा नाही. ट्रॅक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, वर सूचना लिहिली, "सकाळी उठल्या उठल्या म्हणावे. तेव्हा आवाज छान जड असतो."

उत्तर आलं, हात जोडलेले आणि "बरं".

तेजू म्हणाली, "आई, अक्षय सांगत होता, त्याची आई भजनी मंडळात..."

"असणारच!" मी म्हटलं. "मागे बसून टाळ वाजवत असतील. आपल्यासारख्यांना मागेच बसवतात गं. मला माहीत नाही का?"

"अगं, पण तो म्हणतो..."

"तो मुलगा आहे. मुलांना आईचं दुःख कळत नसतं."

आता तुम्हीच सांगा, एवढं बोलल्यावर पोरगी पुढे काय बोलणार? तिने खांदे उडवले आणि मेंदीवालीला फोन लावला.

दोनेक आठवड्यांनी मी सराव कुठवर आला ते विचारायला धुळ्याला फोन केला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, कोण बोलतंय?" बारीक, नाजूक, घुंगरू वाजावं तसा.

मी समजले, ही त्यांची मुलगी. सुरतहून बाळाला घेऊन माहेरी आली असणार.

म्हटलं, "बेटा, मी जळगावहून शोभाताई. आईला दे गं जरा."

पलीकडे कोणीतरी खाकरलं. पुन्हा खाकरलं. आणि आला तो आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा, "हां... बोला ताई."

"वा! वा! ताई, आवाज किती मुरलाय! सराव चाललेला दिसतोय!"

"हो ताई. रोज."

"आणि तुमची मुलगी गोड बोलते हो. पण एक सांगू? राग मानू नका. आवाज फारच बारीक. असे आवाज गल्लोगल्ली मिळतात. तिला गाण्याबिण्याच्या भानगडीत पाडू नका. तुमच्या आवाजाची सर नाही त्याला!"

पलीकडून पुन्हा खोकल्याची उबळ आली. मग आवाज आला, "बरं ताई."

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "काय विहीण मिळाली! एका शब्दाने उलटून बोलत नाही."

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू बोलू दिलंस का?"

मी लक्ष दिलं नाही. ह्यांच्या बोलण्याकडे मी एवढ्या वर्षांत फारसं लक्ष दिलेलं नाही, आणि संसार उत्तम झालाय.

हळदीचा दिवस आला. धुळ्याचं मंगल कार्यालय, दुपारी चारची वेळ, दोन्हीकडची मिळून तीनशे माणसं. हळद लागली, नाच झाला, पोरांनी धिंगाणा घातला. स्टेजजवळच्या दोन रांगांत एकसारख्या जांभळ्या साड्या नेसलेल्या पंधरा-वीस बायका ओळीने बसल्या होत्या. ते कुसुमताईंचं भजनी मंडळ. मी त्यांच्याकडे जरा रागानेच पाहिलं. ह्याच त्या, माझ्या विहिणीला मागे बसवणाऱ्या!

स्पीकरवाल्याने आमची नावं पुकारली. टाळ्या पडल्या. आम्ही दोघी हिरव्या साड्यांत स्टेजवर गेलो. कुसुमताईंचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांच्या कानात म्हटलं, "घाबरू नका. मी आहे."

आणि गायच्या आधी मी भाषण केलं. कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही!

"मंडळी," मी म्हटलं, "आमच्यासारख्या जाड आवाजाच्या बायकांना कोणी गाऊ देत नाही. ओठ हलवा म्हणतात. मागे बसा म्हणतात. आमच्या कुसुमताईंनी हे सगळं सोसलं. इतकी वर्षं ह्या बाईच्या हातात कोणी माईक दिला नाही! पण आज..."

पहिल्या रांगेतून एक म्हातारी अक्का शेजारणीला विचारताना मला स्पष्ट ऐकू आली, "हाई काय सांगी ऱ्हायनी? आमनी कुसुमना आवाज जाड शे?"

मला वाटलं, बघा, ह्यांना अजून पत्तासुद्धा नाही!

ट्रॅक सुरू झाला. पहिली ओळ माझी. काय लागली म्हणता! खर्ज असा घुमला की स्पीकरवाल्याने मान डोलावली. दुसरी ओळ कुसुमताईंची.

त्यांनी हनुवटी गळ्याला टेकवली, डोळे मिटले आणि एक आवाज काढला. कसा सांगू? मोटारसायकल सुरू होता होता बंद पडते ना, तसा. घर्रर्र... आणि बंद. पुन्हा किक मारली. घर्रर्र... बंद.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्रकाशभाऊंनी कपाळाला हात लावला. मी डोळ्यांनीच धीर दिला आणि त्यांची ओळ पण मीच म्हटली.

मग आला अंतरा. कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी एक खोल श्वास घेतला, मान वर केली, आणि...

अहो, जो आवाज निघाला! बारीक, स्वच्छ, लखलखीत, एकदम वरच्या सप्तकात! छताला टांगलेली झेंडूची फुलं खाली येतात की काय असं झालं. जांभळ्या साड्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. सगळं सभागृह ताठ बसलं.

आणि मी काय केलं? मी घाबरले! मला वाटलं, ताणामुळे ह्यांचं काहीतरी तुटलं. मी ओरडले, "थांबवा! ट्रॅक थांबवा! कोणीतरी पाणी आणा! कुसुमताईंचा घसा बिघडला! बघा ना, आवाज किती बारीक झाला!"

माईक चालू होता.

आणि मग तीनशे माणसं हसली. अशी हसली म्हणता, खुर्च्या सरकल्या. प्रकाशभाऊ तर सभागृहाच्या खांबाला धरून हसत होते. माझी सख्खी मुलगी हळदीच्या पाटावर आडवी झाली होती. आमचे हे हसत नव्हते. ते शांतपणे मोबाइलवर माझं चित्रीकरण करत होते.

कुसुमताईंनी मला हाताला धरून स्टेजच्या मागे नेलं. आणि त्याच घुंगरासारख्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मला माफ करा. माझाच आवाज आहे हा."

"म्हणजे... बस्त्याला?"

"बस्त्याच्या आदल्या दिवशी लग्नाचा मसाला केला हो. बारा किलो मिरच्या. मिरच्यांचा खाट, तो तिखट धुरळा, बसला घशात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ दिवस बोलायचं नाही. आठ दिवसांनी झाला बरा."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? तुम्ही इतक्या प्रेमाने हात धरलात. माझ्या आवाजाचं एवढं कौतुक जन्मात कोणी केलं नव्हतं. सुनेच्या आईला पहिल्याच भेटीत नाही म्हणू? घरात सगळ्यांना बजावलं, कोणी तोंड उघडायचं नाही, त्यांचं मन मोडेल. रोज पहाटे उठून जाड आवाजाचा सराव केला. ह्यांनी तर अंथरूण ओट्यावर नेलं. शेजारीण विचारायची, म्हैस घेतली का म्हणून."

माझ्या डोक्यात एकदम काहीतरी लखलखलं. "आणि फोनवर... ती तुमची मुलगी..."

कुसुमताईंनी खाली बघितलं. "वैशाली सुरतलाच होती, ताई."

गल्लोगल्ली मिळतात! सर नाही त्याला! भानगडीत पाडू नका! सगळं आठवलं. जमिनीने दुभंगून मला पोटात घ्यावं, असं वाटलं. पण धुळ्याच्या मंगल कार्यालयाची फरशी फार मजबूत.

मी तिथेच त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी वरच्या वर धरलं. "अहो काय करता! आपण विहिणी-विहिणी..." आणि त्या हसायला लागल्या. मग मी हसायला लागले. एक हसणं वरच्या सप्तकात, एक खर्जात. आम्ही दोघी मिठी मारून एवढ्या हसलो की डोळ्यांतलं काजळ एकमेकींच्या खांद्याला लागलं. नंतर कळलं, गेली वीस वर्षं त्या मंडळाच्या मुख्य गायिका आहेत. गावोगावचे सप्ताह त्यांच्या आवाजावर चालतात. आणि मी त्यांना माईक मिळवून द्यायला निघाले होते!

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता तुम्ही एकट्या गा. तुमच्या पट्टीतलं. मला ऐकायचंय."

"आता? एवढं झाल्यावर? मेले तरी नाही!"

"मी तीन आठवडे तुमच्यासाठी म्हशीसारखी ओरडले, ताई."

मी पदर खोचला. गेले. स्पीकरवाल्याला म्हटलं, उणे चार कर. आणि गायले. खरं सांगू? त्या दिवशीसारखी मी कधीच गायले नाही. भीडच उरली नव्हती ना! गाणं संपलं. मग टाळ्या. चांगल्या, भरघोस. जांभळ्या साड्यांनी पण वाजवल्या. कुसुमताईंनी तर शिट्टी मारली, तीही वरच्या सप्तकात.

माझी छाती फुगली. म्हटलं, शोभे, शेवटी राखलीस हो!

तेवढ्यात ती पहिल्या रांगेतली म्हातारी अक्का काठी टेकत टेकत स्टेजपाशी आली. मी आशीर्वादासाठी वाकले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते तिचे.

म्हणाली, "माय वं! तुना घसा इतला बसेल शे, तरीबी तू गानं सोडं नही!"

आणि कमरेच्या पिशवीतून ज्येष्ठमधाचा एक तुकडा काढून तिने माझ्या हातावर ठेवला. नुसता ठेवला नाही, मी तोंडात टाकेपर्यंत समोर उभी राहिली.

मी टाकला. आणि फोटोग्राफर म्हणाला, "काकू, बोलू नका, घशाला आराम द्या. नुसतं हसा."